तान्ह्या मुलांचा मलावरोध : ओळख आणि उपाय

अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील एखाद्या वस्तीवर अडीच-तीन महिन्यांच्या बाळाला लागोपाठ चार दिवस शौचास झाले नाही, की घरात काळजी पसरते. आजी सहाण पुढे ओढते, घुटीच्या पिशवीतून हिरडा आणि मुरडशेंग बाहेर निघते, शेजारीण एरंडेलाची बाटली आणून देते. बाळ मात्र हसत असते, अंगावर नीट पीत असते, दिवसातून सहा-सात वेळा लंगोट ओले करीत असते. एरंडेल पोटात गेल्यावर त्याला जुलाब सुरू होतात आणि जे मूल आजारी नव्हते ते आजारी पडते. दुसऱ्या एखाद्या घरी जन्मून तीन दिवस झालेल्या अर्भकाचे पोट नगाऱ्यासारखे फुगलेले असते, त्याला हिरवी उलटी होत असते आणि त्यालाही तीच घुटी चाटवली जाते. त्यात रुग्णालयात नेण्याचे मोलाचे तास हातचे जातात. पहिल्या बाळाला उपायाची गरजच नव्हती. दुसऱ्याला शल्यचिकित्सकाची गरज होती. दोघांच्या घरी तक्रार मात्र एकाच शब्दात सांगितली गेली : बाळाला शी होत नाही.

ही तक्रार गावात प्रथम डॉक्टरांच्या कानी जात नाही. ती आशा स्वयंसेविका, अंगणवाडी सेविका, शाळेतील बाई, कधी ग्रामपंचायतीच्या सदस्या यांच्यापाशी येते. म्हणून साधा मलावरोध कोणता, मलावरोध नसलेली नुसती भीती कोणती आणि तातडीचा आजार कोणता, हे तीन प्रकार वेगळे ओळखण्याचे ज्ञान या मंडळींजवळ असणे अगत्याचे आहे.

दिवस मोजू नयेत, मल पाहावा

मोठ्या माणसाला रोज एकदा शौचास झाले पाहिजे, ही समजूत तान्ह्या मुलाला लावल्यामुळे निम्मा गोंधळ होतो. निरोगी अर्भकाला जन्मानंतर पहिल्या चोवीस तासांत काळपट हिरवी, डांबरासारखी चिकट शी होते. काहींना अठ्ठेचाळीस तास लागतात. दूध पोटात जाऊ लागले की चार-पाच दिवसांत तिचा रंग पिवळा होतो. अंगावर पिणारे मूल पहिल्या काही आठवड्यांत दिवसातून तीन-चार वेळा, कधी प्रत्येक पाजण्यानंतरही शी करते. ती मोहरीच्या रंगाची, पातळ आणि किंचित दाणेदार असते. हा अतिसार नव्हे.

दीड महिन्याच्या सुमारास चित्र पालटते. आईचे दूध इतके पूर्णपणे पचते की मागे टाकाऊ भाग फारच थोडा उरतो. अशा मुलाला चार दिवस, आठ दिवस, क्वचित त्याहूनही अधिक काळ शौचास होत नाही. अखेर जेव्हा होते तेव्हा मल मऊच असतो. मूल पीत आहे, लघवी भरपूर होते आहे, पोट मऊ आहे आणि वजन वाढते आहे, तोवर याला मलावरोध म्हणता येत नाही व त्यावर कोणताही उपचार नको. पहिल्या महिन्यात मात्र हा नियम लागू करू नये. त्या काळात शी फार कमी होत असेल तर मुलाला दूध पुरत नसण्याचा संभव असतो. अशा वेळी मुलाचे वजन करावे आणि आई त्याला छातीशी कसे धरते, मूल स्तनाग्र नीट तोंडात घेते की नाही, हे पाहावे.

आणखी एका गोष्टीने घरची माणसे घाबरतात. दोन-तीन महिन्यांचे मूल शी करताना लालबुंद होते, दहा-पंधरा मिनिटे कण्हते, किंचाळते आणि मग अगदी मऊ शी करते. पोटाने जोर द्यावा आणि त्याच वेळी गुदद्वाराचे स्नायू सैल सोडावेत, हा मेळ त्याला अद्याप साधलेला नसतो. चालायला शिकताना मूल पडते तसाच हा प्रकार आहे. काही आठवड्यांत तो आपोआप थांबतो. येथे काही घालून शी काढली, तर मूल स्वतः शिकण्याऐवजी बाहेरच्या चेतनेची वाट पाहू लागते.

खरा मलावरोध मलाच्या स्वरूपावरून ओळखावा. शी शेळीच्या लेंड्यांसारखी सुटी व टणक असते, किंवा मुलाच्या मानाने फार जाड आणि कोरडी असते. ती होताना मूल वेदनेने रडते. कधी मलावर ताज्या रक्ताची रेघ दिसते, कारण कठीण मलाने गुदद्वाराला चीर पडलेली असते. आठवड्यातून दोनदा किंवा त्याहून कमी वेळा होणारे असे शौच महिनाभर चालू राहिले, तर वैद्यकशास्त्र त्यास मलावरोध म्हणते. परंतु मूल रडत असताना महिना पुरा होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. वर्ष-दीड वर्षाचे मूल शौचाची भावना होताच पाय ताठ करते, टाचा उंचावते, कोपऱ्यात जाऊन उभे राहते. घरच्यांना ते जोर करीत आहे असे वाटते. वस्तुतः ते दुखण्याच्या भीतीने शी आवरून धरीत असते. आवरलेला मल आतड्यात अधिक कोरडा होतो, पुढच्या वेळी अधिक दुखते आणि भीती वाढते. हे चक्र लवकर तोडले नाही तर ते कित्येक महिने चालते.

मलावरोध कोठून येतो

केवळ अंगावरच्या दुधावर असलेल्या मुलाला खरा मलावरोध सहसा होत नाही. तो बहुधा वरच्या दुधापासून अथवा वरच्या अन्नापासून सुरू होतो. म्हणून पहिला प्रश्न ‘किती दिवस झाले’ हा नसून ‘बाळाच्या पोटात काय काय जाते’ हा असावा.

अहिल्यानगर हा दुधाचा जिल्हा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले त्रिवेणी’ ही संकरित गाय येथेच विकसित केली. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर या भागांत सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रांपुढे किटल्यांच्या रांगा लागतात. घरात दूध असताना ते तान्ह्या मुलाला का देऊ नये, असे कोणासही वाटणे स्वाभाविक आहे. परंतु गाई-म्हशीचे दूध वासराच्या वाढीसाठी असते. त्यातील प्रथिने व क्षार मानवी अर्भकाला जड पडतात आणि मल घट्ट होतो. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि त्यानंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे किंवा अधिक काळ स्तनपान, हाच मार्ग जागतिक आरोग्य संघटना सांगते. वर्ष उलटलेल्या मुलाच्या बाबतीतही अतिरेक होतो. दिवसाकाठी अर्ध्या लिटरहून अधिक दूध पिणाऱ्या मुलाच्या पोटात भाकरी, वरण, भाजी यांना जागाच उरत नाही. असे मूल गुटगुटीत दिसते, पण त्याला मलावरोध जडतो आणि दुधात लोह जवळजवळ नसल्यामुळे ते फिकटही पडते. दूध कमी करावे, हा सल्ला दुभत्या घरी रुचत नाही. तो द्यावाच लागतो.

काही कारणाने डब्यातील दुधाची भुकटी द्यावी लागते. तेव्हा भुकटीचे प्रमाण डब्यावर लिहिल्याप्रमाणेच असावे. आधी उकळून कोमट केलेले पाणी मोजावे, मग सपाट केलेला चमचा त्यात टाकावा. चमचा दाबून भरला तर दूध घट्ट होऊन मलावरोध होतो. डबा पुरावा म्हणून भुकटी कमी घातली तर मूल कुपोषित होते, आणि महागाईमुळे हेही घडते. अर्भकांच्या दुधाच्या भुकटीची जाहिरात व नमुने वाटप यांस १९९२ च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे, याची आठवण आरोग्य व बालविकास खात्यांच्या अधिकाऱ्यांनी ठेवावी.

सहाव्या महिन्यानंतर वरचे अन्न सुरू होते आणि तेथे दुसरी चूक होते. भाताची पेज, साबुदाण्याची खीर, चहात किंवा दुधात बुडवलेले बिस्किट हेच पदार्थ दिवसभर फिरून येतात. पाथर्डी, जामखेड, शेवगाव या तालुक्यांतून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीसाठी निघणाऱ्या कुटुंबांत ही अडचण सर्वांत तीव्र असते. आई पहाटे फडात जाते, तान्हे मूल कोपीत सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या स्वाधीन असते, आणि तिच्या हाताशी असते ते पाच-दहा रुपयांचे बिस्किट. मैदा, साखर आणि चहा यांवर वाढणाऱ्या मुलाचा कोठा बिघडला तर दोष त्या बहिणीचा नव्हे.

मुगाची मऊ खिचडी, ताकात किंवा वरणात कुस्करलेली बाजरी-ज्वारीची भाकरी, शिजवून घोटलेला भोपळा, पालक, चाकवत, पिकलेली पपई, रात्रभर भिजवून वाटलेल्या मनुका किंवा अंजीर हे पदार्थ मल मऊ ठेवतात. राहात्याचा पेरू प्रसिद्धच आहे. तान्ह्या मुलास तो द्यायचा झाल्यास शिजवून, बिया गाळून गर द्यावा. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांना स्थानिक बियाण्यांच्या जतनासाठी २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी सांभाळलेल्या वाल-घेवड्याच्या आणि पालेभाज्यांच्या वाणांचे महत्त्व शेतीपुरते नाही. अंगणवाडीच्या परसात पालेभाजीचे दोन वाफे आणि पपईचे एक झाड असले, तर औषधाची पुष्कळशी गरज तेथेच संपते. अन्न सुरू झाल्यावर उकळून निवविलेले पाणी वाटी-चमच्याने थोडे थोडे द्यावे.

सहा महिन्यांपूर्वी मात्र पाणी नको, भर उन्हाळ्यातही नको. आईच्या दुधातच पुरेसे पाणी असते. मुलाला तहान लागली तर ते अधिक वेळा पिते. टँकरचे पाणी साठवून वापरणाऱ्या गावात पाण्याचा एक चमचाही अतिसाराचे निमित्त होऊ शकतो. येथे बाळंतिणीच्या आहाराविषयीही सांगितले पाहिजे. तिने पालेभाजी खाल्ली म्हणून बाळाचे पोट बिघडत नाही किंवा बांधतही नाही. भाजी वर्ज्य केल्याने मलावरोध होतो तो तिलाच.

घरी काय करावे, काय करू नये

बाळाला उताणे निजवून त्याचे पाय हळूहळू सायकल चालविल्यासारखे पोटाकडे व पुन्हा सरळ करावेत. कोमट तेलाचा हात बेंबीभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हलकेच फिरवावा. मोठे आतडे त्याच दिशेने मल पुढे नेते. कोमट पाण्याने अंघोळ घातल्यावर स्नायू सैल पडतात. आपल्याकडील तेल लावून न्हाऊ घालण्याची रीत या दृष्टीने उत्तमच आहे. मात्र पोट जोराने चोळू नये आणि नाका-कानांत तेल सोडू नये. अन्नातील बदल व हे उपाय करूनही आठ-दहा दिवसांत फरक पडला नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. मल मऊ करणारी सुरक्षित औषधे डॉक्टरांजवळ आहेत. जुना मलावरोध असल्यास ती काही आठवडे किंवा महिने द्यावी लागतात आणि पहिली शी होताच बंद केल्यास दुखणे परतते. मूल सहा महिन्यांच्या आतील असून त्यास खरोखर कठीण मल होत असेल, तर घरचे प्रयोग न करता आधी डॉक्टरांना दाखवावे.

काय करू नये याची यादी दुर्दैवाने लांब आहे. एरंडेल हे तीव्र रेचक आहे. त्याने आतड्याला पिळवटा येतो, जुलाब होऊन शरीरातील पाणी घटते. रडत्या मुलाचे नाक दाबून ते पाजताना तेल श्वासनलिकेत उतरले, तर फुप्फुसाचा गंभीर दाह होतो. साबणाची कांडी गुदद्वारात घातल्याने नाजूक त्वचा भाजल्यासारखी होते. विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून घालण्याची रीत तितकी दाहक नसली, तरी देठाने चीर पडते आणि मुलाला त्याची सवय लागते. पोटावर बिब्बा लावणे अथवा डाग देणे ही तर निव्वळ इजा होय. वर्षाच्या आत मध चाटवू नये. त्यातील एका जंतूच्या बीजाणूंपासून अर्भकाला स्नायू लुळे पाडणारी विषबाधा होऊ शकते, आणि तिचे पहिले लक्षण कित्येकदा मलावरोध हेच असते. मोठ्या माणसांच्या रेचक गोळ्या किंवा दुकानातून आणलेला एनिमा यांचा तर विचारही नको.

घुटीविषयी जरा वेगळे बोलावे लागते. बाळकडू हा शब्द मराठीत संस्काराच्या अर्थाने रूढ झाला, इतके त्या सहाणेला घरात मानाचे स्थान आहे. घुटी उगाळणाऱ्या आजीच्या मायेविषयी शंका घेण्याचे कारण नाही, आणि तिची थट्टा करून ती घुटी सोडणारही नाही. परंतु सहाण, बोट व पाणी यांतून जंतू पोटात जातात. हिरड्यासारख्या रेचक द्रव्याची मात्रा सहाणेवर मोजता येत नाही आणि विकतच्या घुटीत काय आहे ते कळत नाही. मुंबईच्या गिरण्यांच्या काळात कामकरी स्त्रिया पाळीवर जाताना मुलाला ‘बाळागोळी’ देत. तिच्यात अफू असे. अफूने मूल निजे, त्याबरोबर त्याचे आतडेही निजे; कित्येकदा श्वासही मंदावत असे. परंपरेने चालत आले म्हणून ते निरुपद्रवी असतेच असे नाही, याचे हे कठोर उदाहरण होय. सहाणेवरचे काम आजीकडून काढून घ्यावयाचे, तर मालिशीचे, भोपळा घोटण्याचे आणि बाळाची शी पाहून सांगण्याचे काम तिच्याकडे सोपवावे. ते ती इतर कोणाहून चांगले करील.

वाट न पाहण्याच्या खुणा

जन्मानंतर अठ्ठेचाळीस तासांत पहिली शी झाली नाही, तर मूल पीत असले तरी त्याला डॉक्टरांना दाखवावे. पोट फुगून ताणलेले असणे, हिरवी उलटी, वायूही न सरणे ही आतडे अडल्याची चिन्हे आहेत; त्याच तासाला वाहन बोलवावे. मूल मधूनमधून पाय पोटाशी घेऊन किंचाळते, मधल्या वेळी गळून पडते आणि लालसर शेंबडासारखी शी करते, तेव्हा आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरलेला असू शकतो. मलावरोधाबरोबर ताप, दूध तोडणे, सुस्ती, वजन न वाढणे, फितीसारखी बारीक शी, पायांत जोर नसणे किंवा माकडहाडाच्या वर खळगा अथवा केसांचा पुंजका असणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपाय थांबवावेत.

यांतील दोन आजारांची माहिती विशेष उपयुक्त आहे. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये वर्णिलेला विकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. सुमारे ५,००० जन्मांत एका मुलाला तो होतो. आतड्याच्या शेवटच्या भागातील मज्जापेशी जन्मतःच नसतात, त्यामुळे तो भाग सैल होत नाही आणि मल मागे तुंबतो. शस्त्रक्रियेने तो भाग काढता येतो व बहुतेक मुले पुढे चांगली वाढतात. मात्र निदानास उशीर झाल्यास आतड्याचा दाह होऊन जीव जाऊ शकतो. दुसरा आजार जन्मजात थायरॉईड मंदतेचा. त्यात मलावरोधासह लांबलेली कावीळ, घोगरे रडणे, जाड जीभ, फुगलेली बेंबी, थंड व कोरडी त्वचा दिसते. मूल फार ‘शांत’ असते, आणि घरची माणसे त्याचे कौतुक करतात. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून निदान होते, रोजची एक स्वस्त गोळी पुरते. ती पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली तर बुद्धी सामान्य राहते. काही महिने उशीर झाला तर गेलेली बुद्धी परत येत नाही.

गावातील माणूस आणि गावातील रीत

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्या वेळी बाहेरून नेमलेल्या परिचारिकांचे म्हणणे गाव ऐकत नाही, असा अनुभव आला. तेव्हा गावातीलच स्त्रिया निवडण्यात आल्या. त्यांतील अनेकींना अक्षरओळख नव्हती, कित्येक दलित वस्तीतील होत्या. त्या ठरावीक दिवशी जामखेडला येत, शिकत, रात्री एकत्र मुक्काम करीत आणि गावी परतून घरोघरी तेच सांगत. प्रकल्पाच्या नोंदीनुसार १९७१ मध्ये हजारी १७६ असलेला बालमृत्युदर पुढील दोन-अडीच दशकांत तिशीच्या आत आला. हे यश मलावरोधाच्या उपचाराचे नव्हे. त्या मृत्यूंची कारणे अतिसार, धनुर्वात, न्यूमोनिया, कुपोषण ही होती. परंतु बाळंतिणीचा चीक पिळून टाकण्याची किंवा जुलाबात मुलाचे पाणी तोडण्याची रूढी मोडण्यासाठी जी वाट सापडली, तीच एरंडेलाच्या बाटलीपर्यंत जाते. सासूला सुनेदेखत चुकीचे ठरविणारा सल्ला टिकत नाही; सासूच्या ओळखीच्या बाईने ओसरीवर बसून, बाळाचे लंगोट पाहून दिलेला सल्ला टिकतो. या कार्यासाठी आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आज ही भूमिका आशा स्वयंसेविकेकडे आहे. घरच्या घरी नवजात बालकाची काळजी घेण्याच्या कार्यक्रमात ती बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. पुढे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तिमाहीस तिची भेट असते. सहाव्या आणि नवव्या महिन्याच्या भेटी नेमक्या वरचे अन्न सुरू होण्याच्या काळात येतात. जन्मजात दोषांच्या तपासणी व शस्त्रक्रियेसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याखालील उपचार विनामूल्य आहेत, ही गोष्ट ग्रामसभेत सांगितली जावी. ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांतील दोन वर्षांखालील मुलांची यादी ग्रामपंचायतीने अंगणवाडीकडून करून घेतली आणि ती कारखाना असलेल्या गावाच्या आरोग्य केंद्राकडे पाठविली, तर कोपीतल्या मुलापर्यंतही कोणी तरी पोहोचेल.

घरी झालेल्या प्रसूतीत पहिल्या दिवसाचीही भेट असते. रुग्णालयातून घरी आलेल्या बाळासाठी तिसऱ्या दिवसाची भेट पहिली. ती बहुधा त्या अठ्ठेचाळीस तासांच्या मुदतीनंतर पडते. पहिली शी केव्हा झाली, ती काळी होती का, उलटी झाली असल्यास तिचा रंग कोणता, हे प्रश्न त्या दिवशी आईला विचारून उत्तर बाळाच्या कार्डावर तारीख व वेळेसह लिहावे. उत्तर ‘अजून नाही’ असे आले, तर सातव्या दिवसाच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी १०२ किंवा १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून बाळाला आईसह रुग्णालयात हलवावे.